वाऱ्याची वीज शिकवणारा मास्तर : पॉल ला कूर

मंडळी, एडिसन, बेल, टेस्ला ही नावं आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पॉल ला कूर हे नाव मात्र डेन्मार्कच्या बाहेर फारसं ऐकू येत नाही. डेन्मार्कमध्ये त्यांना 'डॅनिश एडिसन' म्हणणारे लोक आहेत. २०१८ मध्ये तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने रिसो इथे पवनचक्कीच्या पात्यांच्या चाचणीसाठी एक भलामोठा वाऱ्याचा बोगदा उभारला, त्यालाही 'पॉल ला कूर बोगदा' असंच नाव दिलं. हे गृहस्थ मूळचे हवामानशास्त्रज्ञ, मग संशोधक, आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षं एका खेड्यातल्या शाळेत मास्तर. पवनऊर्जेचं तंत्र विद्यार्थ्यांना पद्धतशीरपणे शिकवणारे जगातले अगदी सुरुवातीचे शिक्षक म्हणून त्यांचं नाव घ्यावं लागेल.

आता मी कॉम्प्युटर इंजिनिअर, रोजचं काम सॉफ्टवेअरचं. मला हे नाव कुठे भेटलं? तर काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टसाठी मी सात-आठ महिने डेन्मार्कच्या युटलंड भागात होतो. पवनचक्क्यांकडून दर काही सेकंदांनी येणारा डेटा साठवायचा आणि त्यातून बिघाडाचा अंदाज बांधायचा, असं काम होतं. टीममध्ये एक निवृत्तीला आलेले डॅनिश इंजिनिअर होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना एकदा विचारलं, की एवढासा तुमचा देश, पुणे जिल्ह्यापेक्षा लोकसंख्या कमी, मग पवनचक्क्यांत तुम्ही एवढे पुढे कसे? मला वाटलं ते सरकारी अनुदानाबद्दल किंवा समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल बोलतील. त्यांनी मला आस्कोव्हला जाऊन यायला सांगितलं. आस्कोव्ह म्हणजे वेयेन गावाला लागून असलेलं छोटंसं खेडं. तिथली शाळा आणि जुन्या चक्कीचं संग्रहालय पाहिलं, नंतर हाताला लागेल ते वाचत गेलो. त्यातून जे उमगलं ते तुमच्यापुढे मांडतो.

ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ चा, युटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ एबेल्टॉफ्ट गावाशेजारच्या एका शेतावर. घराणं मूळ फ्रेंच. धर्मावरून फ्रान्समध्ये छळ झाला म्हणून देश सोडलेल्या ह्युगेनॉट लोकांपैकी त्यांचे पूर्वज होते. आडनाव म्हणूनच फ्रेंच राहिलं. माणूस मात्र पक्का डॅनिश शेतकऱ्याच्या घरातला.

त्यांच्या लहानपणाबद्दल सांगण्याआधी एक तारीख सांगायला हवी, ती म्हणजे १८६४. त्या वर्षी डेन्मार्क प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी युद्ध हरला आणि श्लेस्विग-होल्स्टाइन हे दोन्ही प्रांत त्याच्या हातून गेले. देशाचा दक्षिणेकडचा मोठा लचकाच तुटला. ला कूर तेव्हा अठरा वर्षांचे होते. तलवारीने जे गेलं ते परत येणार नाही, तेव्हा जे उरलंय त्याचंच सोनं करायचं, असा विचार त्या पिढीत रुजला. कुणी युटलंडची ओसाड माळरानं लागवडीखाली आणायच्या मागे लागलं, कुणी सहकारी डेअऱ्या काढल्या. पहिली सहकारी डेअरी १८८२ ची. (आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल!) आणि कुणी शाळा काढल्या.

या शाळांची कल्पना ग्रुंटविग नावाच्या धर्मगुरू आणि कवीची. १७८३ ते १८७२ हा त्यांचा काळ. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी शेतीची कामं नसताना काही महिने एकत्र राहावं, इतिहास, भाषा, विज्ञान ऐकावं, चर्चा करावी, गाणी म्हणावीत. परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्री नाही! या शाळांना 'लोकविद्यालय' म्हणता येईल. पहिली शाळा १८४४ मध्ये रोडिंग इथे निघाली. १८६४ च्या पराभवात रोडिंग प्रशियाकडे गेलं, तेव्हा शिक्षकांनी नव्या सीमेच्या अलीकडे येऊन १८६५ मध्ये आस्कोव्हला शाळा सुरू केली. लुडविग श्रोडर हे तिचे मुख्याध्यापक. ही शाळा आपल्या गोष्टीत पुढे परत येणार आहे.

ला कूर कोपनहेगन विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि हवामानशास्त्र शिकले. १८७२ मध्ये डॅनिश हवामान संस्था नव्याने स्थापन झाली. तिचे संचालक कॅप्टन हॉफमायर आणि त्यांच्या हाताखाली उपसंचालक ला कूर. वय वर्षं सव्वीस! सरकारी नोकरी, राजधानीत घर, समाजात मान. आपल्या भाषेत म्हणायचं तर मुलगा 'सेटल' झाला.

पण डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. हवामानाचे निरोप तारेने यायचे, त्यातून त्यांना तारायंत्राचा नाद लागला. त्या काळी एका तारेवरून एका वेळी एकच संदेश नीट जायचा, आणि तार टाकणं तर महागडं काम. ला कूर यांनी युक्ती काढली ती स्वरकाट्याची, म्हणजे वाद्यं लावताना वापरतात त्या ट्यूनिंग फोर्कची. प्रत्येक संदेशाला वेगळा स्वर द्यायचा. सगळे स्वर एकाच तारेवरून सोडायचे. पलीकडे त्याच स्वराचा काटा तेवढाच कंप पावेल आणि आपापला संदेश उचलेल. आम्ही इंजिनिअरिंगला फ्रिक्वेन्सी डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग शिकलो ते हेच की! साल १८७४. त्याच सुमाराला अमेरिकेत एलिशा ग्रे अशाच कल्पनेवर काम करत होते, बेलही त्याच वाटेवर होते. मग पेटंटवरून ओढाताण आलीच. त्यातूनच ला कूर यांनी 'फोनिक व्हील' नावाचं दातेरी चाक बनवलं. स्वरकाट्याच्या कंपनाशी ते बरोबर ताल धरून फिरायचं. दोन दूरच्या ठिकाणची यंत्रं एका तालात ठेवायला ते फार उपयोगी ठरलं. पुढे अमेरिकेत डेलनी यांनी आपल्या तारायंत्रात ते वापरलं. थोडक्यात, तिशी ओलांडेपर्यंत या माणसाचं नाव युरोप-अमेरिकेतल्या जाणकारांच्या तोंडी होतं.

आणि १८७८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी राजधानी सोडली आणि आस्कोव्हच्या त्या शाळेत गणित आणि विज्ञानाचे शिक्षक म्हणून रुजू झाले.

हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलोच, कारण मी स्वतः तेव्हा साधारण त्याच वयाचा होतो. आपल्यापैकी किती जण या वयात उलट दिशेने निघालेलो असतो बघा. गावातून तालुक्याला, तालुक्यातून पुण्या-मुंबईला, तिथून ऑनसाइट. ला कूर यांच्यावर ग्रुंटविग यांच्या विचारांची मोठी छाप होती आणि पत्नी हुल्डा यांचं माहेरचं बार्फोड घराणंही त्याच वातावरणातलं. त्यामुळे निर्णय हवेतून आलेला नव्हता. तरीही त्यांनी काय सोडलं याचा हिशोब करून पाहा. नवे शोध, पेटंटं, त्यातून येणारा पैसा आणि जगभर नाव. त्या सगळ्याच्या बदल्यात शेतकऱ्यांच्या मुलांपुढे खडू घेऊन उभं राहायचं.

शिकवण्याची त्यांची रीतही वेगळी होती. सूत्र फळ्यावर लिहून सिद्ध करायचं, हा नेहमीचा मार्ग त्यांनी घेतला नाही. माणसाला एखादी गोष्ट मुळात कशी सुचली, कुठे अडलं, कुणाचं चुकलं, मग कुणाला उलगडलं, या क्रमाने ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. या पद्धतीवर त्यांनी १८८१ मध्ये 'ऐतिहासिक गणित' हे पुस्तक काढलं आणि पुढे याकोब अपेल यांच्यासोबत 'ऐतिहासिक भौतिकशास्त्र' लिहिलं. दुसऱ्या पुस्तकाचं जर्मन भाषांतरही झालं. अपेल हे पुढे आस्कोव्हचे मुख्याध्यापक झाले आणि दोनदा देशाचे शिक्षणमंत्री. नांगर धरणाऱ्या मुलाला 'हे तुला जमणार नाही' असं न सांगता, 'हे आधी कुणालाच जमत नव्हतं' असं सांगून सुरुवात करायची. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे.

आता वाऱ्याकडे येऊ. १८९० च्या आसपास शहरांमध्ये वीज यायला लागली होती. कोपनहेगनचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र १८९२ चं. वीज तयार व्हायची कोळशावर आणि डेन्मार्कमध्ये कोळशाच्या खाणी नाहीत, सगळा माल बाहेरून आणायचा. शहराला ते परवडत होतं, विखुरलेल्या खेड्यांना कोण तारा टाकून देणार? शहरात दिवे, यंत्रं, कारखाने येणार आणि खेड्यातली हुशार पोरं तिकडे निघून जाणार, हे ला कूर यांना स्पष्ट दिसत होतं. ज्या मुलांना शिकवण्यासाठी ते इथवर आले, तीच मुलं उद्या गाव सोडणार. मग खेड्यापाशी स्वतःचं असं काय आहे? युटलंडमध्ये एक गोष्ट फुकट आणि मुबलक होती, ती म्हणजे वारा. पीठ दळायच्या पवनचक्क्या तर गावोगाव होत्याच.

१८९१ मध्ये त्यांनी सरकारकडून अनुदान मिळवलं आणि शाळेच्या आवारात प्रयोगाची चक्की उभारली. तिला डायनॅमो जोडला. इथे पहिली अडचण आली. वारा कधी एकसारखा वाहत नाही. त्यातून गणित असं, की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे एक झोत आला की डायनॅमो सुसाट, आणि झोत ओसरला की दिवे मलूल. यावर त्यांनी 'क्रॅटोस्टॅट' नावाचं एक यंत्र बनवलं. त्यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, नुसते पट्टे, पुली आणि वजनं. पट्ट्याचा ताण वजनाने ठरवलेला. चक्कीची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पट्टा सैल पडतो आणि डायनॅमोला जास्तीचा दणका बसत नाही. पुढे याच कल्पनेचं त्यांनी अजून सोपं रूप केलं, गावातल्या लोहाराला जमेल असं. आज हेच काम करायला आम्ही सेन्सर आणि हजारो ओळींचा कोड वापरतो, हे मी मुद्दाम सांगतो.

दुसरी अडचण साठवणुकीची. वारा नसेल त्या रात्री काय? बॅटऱ्या त्या काळी फार महाग. ला कूर यांनी वेगळा रस्ता धरला. चक्कीच्या विजेने पाण्याचं विघटन करायचं आणि मिळालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन टाक्यांमध्ये भरून ठेवायचा. त्यासाठी इटलीतल्या गारुती नावाच्या प्राध्यापकांचं तंत्र त्यांनी मिळवलं. १८९५ पासून १९०२ पर्यंत आस्कोव्हच्या शाळेत वाऱ्यापासून मिळवलेल्या या वायूचे दिवे जळत होते. आज 'ग्रीन हायड्रोजन' हा शब्द प्रत्येक परिषदेत ऐकू येतो, तो उद्योग या मास्तरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवला होता! अर्थात सगळं गोड नव्हतं. हायड्रोजनमध्ये थोडा जरी ऑक्सिजन मिसळला तरी स्फोट व्हायचा आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा त्यांना बऱ्याचदा बदलाव्या लागल्या. आपल्याकडच्या एखाद्या शाळेत असं झालं असतं तर पालकसभेत काय झालं असतं, याची कल्पना तुम्हीच करा.

तिसरा प्रश्न पात्यांचा. पाती किती असावीत, कशी वळवावीत, याबद्दल चक्कीवाल्यांचे पिढ्यानपिढ्याचे ठोकताळे होते. अमेरिकेत पाणी उपसायला भरपूर पात्यांच्या चक्क्या चालत. ला कूर यांनी अंदाजावर विसंबायचं नाही असं ठरवलं. पंख्याने नळकांड्यातून वारा सोडायचा, समोर छोटी पाती ठेवायची आणि मोजत बसायचं. जगातल्या आरंभीच्या वाऱ्याच्या बोगद्यांपैकी हे होते, तेही एका खेड्यातल्या शाळेत. निष्कर्ष असा निघाला की वीज करायची तर थोडी पाती आणि वेगवान फिरणं हेच बरं. भरपूर पात्यांची चक्की मंद वाऱ्यात जोर लावून सुरू होते खरी, म्हणून पंपाला ती चांगली, पण डायनॅमोला वेग हवा असतो. यावरून त्यांनी चार पात्यांची 'आदर्श चक्की' आखली. १८९७ मध्ये शाळेत दुसरी, मोठी चक्की उभी राहिली. सगळे प्रयोग, मोजमापं आणि आकृत्या त्यांनी १९०० आणि १९०३ मध्ये 'प्रयोगचक्की' या नावाच्या ग्रंथाच्या भागांतून छापून टाकल्या. लोकांच्या पैशातून केलेलं काम लोकांपुढे ठेवलं. आमच्या धंद्यात याला हल्ली 'ओपन सोर्स' म्हणतात.

१९०२ मध्ये आस्कोव्हची चक्की बॅटऱ्यांसह गावाचं वीजकेंद्र बनली. आणि मग ला कूर यांच्या लक्षात आलं की आता यंत्रापेक्षा माणसांचा तुटवडा आहे. गावोगाव चक्क्या उभ्या राहतील, पण त्या चालवणार कोण? बॅटरीची निगा कोण ठेवणार, घरात तारा कोण ओढणार, फ्यूज उडाला तर कुणाला बोलवायचं? शहरातला इंजिनिअर चाळीस मैलांवरून येणार नाही, आणि आला तरी त्याचे पैसे खेड्याला परवडणार नाहीत.

म्हणून १९०३ मध्ये त्यांनी 'डॅनिश पवनवीज संघटना' स्थापन केली. तिने गावांना सल्ला द्यायचा, आराखडे करून द्यायचे, पवनविजेवरचं नियतकालिक काढायचं. आणि १९०४ पासून आस्कोव्हला 'ग्रामीण वीजतंत्रज्ञ' तयार करणारे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांचा अभ्यासक्रम. विजेचं शास्त्र वर्गात शिकायचं आणि वर्गाबाहेर खरी चक्की, खरा डायनॅमो, खऱ्या बॅटऱ्या. ज्या दिव्याखाली अभ्यास करायचा तो दिवाही त्याच चक्कीवरचा. चक्की बिघडली तर अंधारात बसावं लागेल, यापेक्षा चांगली प्रॅक्टिकल परीक्षा कुठली असणार? शिकून झालं की हे तरुण आपापल्या भागात जाऊन वीजकेंद्रं उभारायचे.

१९०४ च्या त्या पहिल्या तुकडीत योहानेस यूल नावाचा जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याचं नाव लक्षात ठेवा.

ला कूर २४ एप्रिल १९०८ ला आस्कोव्हलाच गेले. वय बासष्ट. त्यांचा मुलगा डॅन हाही शास्त्रज्ञ झाला आणि ज्या हवामान संस्थेत वडील उपसंचालक होते तिचा पुढे संचालक झाला.

मास्तर गेले, पण विद्यार्थी कामाला लागलेले होते. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि तेल मिळेनासं झालं तेव्हा या चक्क्यांचं महत्त्व एकदम वाढलं. १९१८ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांकडे पवनचक्की होती, प्रत्येकी साधारण २० ते ३५ किलोवॅटची. सगळी मिळून ३ मेगावॅटच्या आसपास, देशाच्या विजेच्या सुमारे ३ टक्के. आज एक समुद्रातली चक्की यापेक्षा कितीतरी जास्त वीज करते. तरी १९१८ साली, बऱ्याचशा खेड्यांनी बल्ब पाहिलाही नव्हता तेव्हा, हा आकडा लहान नाही.

मग उतरती कळा आली. युद्ध संपलं, कोळसा स्वस्त झाला, मोठ्या केंद्रांतून लांबवर वीज नेणाऱ्या एसी लाइन खेड्यांपर्यंत पोचल्या. ला कूर यांच्या चक्क्या डीसीवर चालणाऱ्या, त्या मागे पडल्या. इथे ही गोष्ट संपली असती तर ला कूर हे संग्रहालयातलं एक नाव राहिलं असतं.

पण यूल विसरले नव्हते. ते एका वीज कंपनीत नोकरीला होते. पन्नाशी उलटून गेल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यांनी पुन्हा वाऱ्याचा विषय काढला, आता एसी वीज थेट ग्रिडला जोडायच्या ईर्ष्येने. आधी लहान चक्क्यांवर प्रयोग केले आणि १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॅटची चक्की उभी केली. तीन पाती, २४ मीटर व्यासाची, वाऱ्याकडे तोंड केलेली, आणि फार वेग वाढला तर पात्यांची टोकं आपोआप वळून ब्रेक लावणार. १९६७ पर्यंत ती फारशी देखभाल न लागता चालली. नंतर तेल स्वस्त म्हणून बंद केली गेली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा जग पुन्हा वाऱ्याकडे वळलं, आणि गेडसरची जुनी चक्की दुरुस्त करून तिची मोजमापं घेण्यात अमेरिकेच्या नासानेही रस घेतला. त्यानंतर डेन्मार्कमधल्या सुतार-लोहार-शेतकरी मंडळींनी बनवलेल्या चक्क्या आणि त्यातून उभे राहिलेले कारखाने यांच्यामागे याच तीन पात्यांच्या रचनेचा वारसा आहे. अलीकडच्या वर्षांत डेन्मार्कमध्ये तयार होणाऱ्या विजेत निम्म्याच्या आसपास वाटा वाऱ्याचा असतो. माझ्या त्या सहकाऱ्यांनी मला आस्कोव्हला का पाठवलं, ते असं समजलं.

हे सगळं मी नुसतं कुतूहल म्हणून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने मला शेवटच्या वर्षाच्या मुलांना 'शाश्वत ऊर्जा' या ऐच्छिक विषयाचे काही तास ऑनलाइन घ्यायला सांगितलं. मुलं हुशार होती. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे सगळ्यांना तोंडपाठ. मी विचारलं, तुमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर वाऱ्याचा वेग किती असतो? सगळे गप्प. एक जण म्हणाला, सर, ते सिलॅबसमध्ये नाही. त्याचा काही दोष नाही, आम्हीही तसेच शिकलो. मी त्यांना ला कूर यांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आपण मोजू. दोन-तीन हजार रुपयांत वेगमापक आणि एक छोटा डेटा लॉगर जमवला, गच्चीवर लावला. तीन महिने मोजलं. उत्तर निराशाजनक आलं. आजूबाजूच्या इमारतींमुळे वारा तुटक आणि मंद, तिथे चक्की लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पण मुलांचा रिपोर्ट वाचण्यासारखा होता. चक्की कुठे लावू नये हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं, आणि कशाच्या आधारावर, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येत होतं. एका मुलीने मग स्वतःच्या गावच्या टेकडीवर तेच यंत्र नेऊन लावलं. तिला कुणी मार्क देणार नव्हतं.

आपल्याकडे असं शिकवणारे झालेच नाहीत असं नाही. अमेरिकेत पीएच.डी. केलेले डॉ. श्री. शे. कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवलं. ला कूर आणि कलबाग यांच्यात शंभरेक वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर, पण दोघांची धडपड मला एकाच जातीची वाटते.

आम्हा परदेशात राहणाऱ्यांपैकी प्रत्येकाने बॅग भरून खेड्यात जावं, असं काही मी म्हणत नाही. मीही अजून गेलेलो नाही. घराचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे. पण आपल्या मंडळात इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक यांना तोटा नाही, आणि इंटरनेटमुळे वर्ग आता घरातूनही घेता येतो. महिन्यातले दोन तास आपल्या जुन्या कॉलेजला किंवा शाळेला दिले, आणि त्यात मुलांना एक तरी गोष्ट स्वतः मोजायला लावली, तर ते जमण्यासारखं आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर गाठावं. गच्चीवर वेगमापक कसा लावायचा, तारा कुठून घ्यायच्या आणि पावसाळ्यात पेटीत पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, एवढं तरी मी नक्की सांगू शकेन.